लगद्याची गौर

मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतली पोरंसोरं माझ्याकडं येतात. घरच्या घरी करता येतील अशा वस्तू मी त्यांना शिकवते: काड्यापेटीचे सोफे, फुटक्या बांगड्यांची तोरणं, लोकरीची फुलं. सगळ्यांत लाडकी म्हणजे कागदाच्या लगद्याची वाटी. ती कुणाचीही बिघडत नाही आणि घरी नेली की आयाही खूश होतात. परवा एका चुणचुणीत पोरीनं मोबाइल माझ्या नाकापाशी धरला. "काकू, ह्यो बघा की, तोंडाला कागद चिकटवून मुखवटा केलाय. लई सोप्पं हाय. आपुन करूया?" मी म्हटलं, ते मला येत नाही. पोरगी माझ्याकडं अशी बघायला लागली, की एवढी मोठी बाई आणि एवढंसं येत नाही! येतं हो मला. चांगलं येतं. पण माझ्या तोंडावर एकदा कागद चिकटवला गेलाय, आणि आजही ओला कागद आणि मेथी यांचा वास एकत्र आला की मी आधी हातानं स्वतःचा चेहरा चाचपून बघते.

आमच्या घरात ही विद्या आणली ती आक्कानं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शैला. मंगळवार पेठेत आमच्या एकापाठी एक अशा तीन खोल्या होत्या. समोर तालीम, त्यामुळे पहाटे जाग यायची ती शड्डूच्या आवाजानं, मग दुधाच्या म्हशींच्या घंटा, मग दादांचा रेडिओ. दादा म्हणजे आमचे वडील. सरकारी कचेरीत कारकून होते आणि घरातही कारकूनच होते. रोजचा पेपर वाचून झाला की त्याची घडी घालून तारखेनं गठ्ठ्यात ठेवायचे. त्या गठ्ठ्यावर आक्काचा डोळा. तिच्या शाळेतल्या बाईंनी टाकाऊतून टिकाऊ असं काहीतरी शिकवलं आणि तेव्हापासून घरातली एकही टाकाऊ गोष्ट सुखानं उकिरड्यावर गेली नाही. दादा करवादायचे, "घर हाय का भंगारवाल्याचं दुकान?" आक्का हसत म्हणायची, "दादा, तुमचा गेल्या म्हैन्यातला पेपर आता वाटी झालाय. बसा आणि त्यात शेंगा खावा." आणि दादा खरंच त्या वाटीत शेंगा घेऊन बसायचे, टरफलं मात्र खाली टाकायचे.

तिची रीत मला अजून तोंडपाठ आहे. कागद हातानं फाडायचा, कात्रीनं कापायचा नाही, कापलेली कड भिजायला नाटकं करते. रात्री पाण्यात घालून ठेवायचा, सकाळी पिळून पाट्यावर वाटायचा. मेथ्या भिजवून त्याच पाट्यावर बारीक करायच्या आणि लगद्यात मिसळायच्या, म्हणजे वस्तूला कीड लागत नाही. वर मैद्याची खळ. मग एखादी वाटी पालथी घालून तिला तेलाचा हात लावायचा, त्यावर लगदा थापायचा आणि सावलीत वाळवायचा. आई पहिल्यांदा ओरडली, की ह्या पाट्यावर मी चटणी वाटायची का तुझा पेपर. पण पुढं दुपारची कामं उरकली की तीही शेजारी बसायला लागली. दोघींची बोटं लगद्यात आणि तोंडं गल्लीतल्या बातम्यांत. मी मध्ये बसून तुकडे फाडायची. आमच्या घरातला सगळ्यात सुखाचा काळ कुठला असं कुणी विचारलं तर मी त्या दुपारी सांगेन.

आक्काचं लग्न झालं ते शिरोळच्या पलीकडं, कृष्णेकाठच्या एका गावात. उसाचं घर, माणसं वाईट नव्हती. लग्नानंतरच्या दुसऱ्या गौरीला ती माहेरी आली तेव्हा उंबऱ्यातच बसली. म्हणाली, प्रवासानं दमले. त्या दिवशी गौरीला भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो. शेपूची भाजी तिच्या फार आवडीची, पण तिनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीच्या वासानं तिला मळमळलं. आई मनात हरखली, तिला वेगळीच शंका आली. संध्याकाळी हळदी-कुंकवाला बायका आल्या. गौरीच्या दिवशी आमच्याकडं हळद चिमटीनं नाही, हातभर लावतात. सगळ्या बायकांचे गाल, गळे, कान पिवळे होतात. आक्काही पिवळी दिसत होती. शेजारच्या तानूमावशी तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "काय उजळलीया गं पोरगी! सासरचं पाणी मानवलं बघ." सगळ्या हसल्या. त्या पिवळेपणातला किती हळदीचा होता आणि किती काविळीचा, हे त्या खोलीत कुणालाही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी गौरीची पाठवणी. आक्का आईला म्हणाली, "मी चार दिस हितंच राहतो." आमच्या भागात बायकाही येतो-जातोच म्हणतात. आईनं दादांकडं बघितलं. दादा गणपतीचा पाट पुसत होते. ते म्हणाले, "गौर गेली की लेकीनं माघारी राहू न्हाई. गौरीसंगं आलीस, गौरीसंगं जायाचं. आपल्यात तशी रीत हाय. दिवाळीला ये की." रागावून नाही बोलले, दादा रागावून कधीच बोलत नसत, नियम सांगायचे फक्त. आईनं मुरडीचे कानवले कापडात बांधले. पाठवणीच्या कानवल्याची कड मुरडून घालायची, म्हणजे गेलेली माणसं मुरडून परत येतात, असं आमच्याकडं मानतात. आईनं त्या दिवशी मुरड अगदी बारीक आणि घट्ट घातली होती, मी बघितलं.

मग पाऊस लागला. कृष्णा पात्राबाहेर आली आणि ते गाव चहूबाजूंनी पाण्यात गेलं. आक्का तापानं पडली होती, डोळे पिवळेधमक झाले होते, डॉक्टर पलीकडच्या काठावर. निरोप आमच्यापर्यंत आला तोवर माळावर सगळं उरकून गेलं होतं. दादा नावेतून पोचले ते राखेपाशी. आमच्या घरातल्या कुणीच तिचं शेवटचं तोंड बघितलं नाही. लग्नातला एक फोटो होता, पण त्यात मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान एवढंच दिसत होतं. आई तो फोटो हातात धरायची आणि म्हणायची, "ह्यात न्हाई ती." आणि परत ठेवून द्यायची.

ते वर्ष घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. तालमीतले शड्डू तेवढे ऐकू यायचे. दादांनी रेडिओ बंद केला, पेपर मात्र चालू ठेवला आणि घडी घालून गठ्ठ्यात ठेवत राहिले. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते. घरी आले की आई माझ्याकडं बघायची आणि तिची नजर माझ्यावर थांबायची नाही, माझ्यातून मागं कुठंतरी जायची. नावानं हाक मारायची नाही, "अगं" म्हणायची. श्रावण संपत आला तेव्हा तिनं गौरीचा शाडूचा मुखवटा पेटीतून काढला तर नाकापासून हनुवटीपर्यंत तडकलेला. म्हणाली, उंदरानं पाडला असंल. पेटीला कडी होती. दादा म्हणाले, नवा आणू. आई म्हणाली, "नगं. मी घरात करतो."

दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर पाट्यावर लगदा. किती महिन्यांनी तो कडवट वास घरात आला होता! मला वेड्यासारखा आनंद झाला. वाटलं, आई परत माणसांत आली. मी पुस्तकं टाकून तुकडे फाडायला बसले. आई म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. पड जरा हितं." दुपारची वेळ होती, दादा कचेरीत. मी सतरंजीवर उताणी पडले. तिनं माझ्या तोंडाला खोबरेल तेल लावलं, अगदी लहानपणी न्हाऊ घालताना लावायची तसं. मग खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या एकावर एक ठेवत गेली. कपाळ, गाल, हनुवटी. "डोळं मीट. तोंड हलवू नगंस." नाकपुड्या तेवढ्या उघड्या ठेवल्या. आधी गार वाटलं, गुदगुल्या झाल्या. मग कागद वाळायला लागला आणि चेहरा चहूकडून आवळला जाऊ लागला. बाहेर बोहारणीची हाक आली आणि गेली. आई उशाशी बसून वारा घालत होती. आणि मग ती बोलली, ज्या आवाजात ती वर्षभर कुणाशी बोलली नव्हती.

"लई दमलीस व्हय गं?"

मला वाटलं मलाच विचारतेय. मी घशातून हुंकार दिला.

"मग बोलायचं न्हाई? तुझं डोळं पिवळं दिसलं हुतं मला. मला वाटलं हळद गेलीया डोळ्यात. एक डाव सांगायचं हुतंस, आई, मला बरं वाटंना." तिच्या हातातला पंखा थांबला. "सांगितलं हुतंस. राहतो म्हणाली हुतीस की गं. मीच कानवलं बांधून दिलं."

मला म्हणायचं होतं, आई, मी सुमी आहे. पण ओठ कागदाखाली होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पापण्यांवरच्या पट्ट्या ओल्या व्हायला लागल्या. तिनं माझ्या खांद्यावर हात दाबला आणि अगदी मायेनं म्हणाली, "हलू नगंस. आता आलीयास तर हलू नगंस."

एवढी भीती मला पुढच्या आयुष्यात कधी वाटली नाही, आणि आयुष्यात भ्यावं असं बरंच घडलं. तिनं मुखवटा सोडवला तेव्हा माझ्या भुवयांचे केस त्याला चिकटून गेले. मी कळवळले. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. तो पदरात घेऊन ती खिडकीपाशी उजेडात गेली. पुढं कित्येक दुपारी तिनं त्यावर लगदा चढवला. माझं नाक आणि कपाळ तेवढं आक्काच्या वळणाचं होतं, बाकी सगळं तिनं डोळे मिटून अंगठ्यानं घडवलं: आक्काची गालाची हाडं, डाव्या बाजूला किंचित चढलेला ओठ. रंग दिला, डोळे काढले. वर रोगण लावलं, ते वाळलं आणि सगळा चेहरा पिवळसर झाला. दादा संध्याकाळी आले आणि फळीवर तो बघून हातात चप्पल धरून उभे राहिले. त्या दिवसापासून ते बाहेरच्या खोलीत जेवायला लागले.

गौर आणायचा मान घरातल्या कुवार पोरीचा. मी तांब्यात रोपं घेऊन उंबऱ्यात उभी राहिले, बायकांनी पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" मी "सोन्याच्या पावलांनी" म्हटलं. आत घागरीवर घागर ठेवून आईनं तिला साडी नेसवली होती, आक्काच्या रुखवतातली हिरवी. तानूमावशींनी गौरीच्या तोंडावरचा पदर सारला आणि त्यांच्या हातातलं ताट कलंडलं. "आगं आई! शैली..." बाकीच्या बायका जागच्या जागी थांबल्या. कुणी गाणं म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी पूजेला एकीनं हळदीची चिमूट पुढं केली, तेव्हा आईनं तिचं मनगट धरलं. "हिला हळद लावू नका. डोळं दिसू द्यात मला." बाहेरच्या खोलीत दादांना ते ऐकू गेलं असणार, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नंतर ते कितीतरी वेळ तालमीच्या कट्ट्यावर बसून होते.

पाठवणीच्या दिवशी आईनं कानवले केलेच नाहीत. ती गौरीपुढं मांडी घालून बसली आणि म्हणाली, "ही जाणार न्हाई."

"असं करू न्हाई," दादा म्हणाले. "रीत हाय."

"गेल्या वर्सी पाळली की रीत."

शेजाऱ्यांबरोबर गणपती गेला, गौर राहिली. तानूमावशी जाता जाता मला दारामागं घेऊन पुटपुटल्या, "पोरी, आईला समजाव. दिवस उलटून ठेवलेली गौर एकटी जात न्हाई. घरातल्या कुणालातरी संगं नेती." असलं बोलणं आज मी हसण्यावारी नेईन. पण तेव्हा त्या घरात माझ्याशिवाय नेण्यासारखं तरुण कुणी नव्हतं, आणि नेणारीच्या तोंडावर माझंच नाक होतं.

गौर बसून राहिली. फुलं कुजली, रोपं माना टाकून काळी पडली. आई तिच्यापुढं सकाळी चहा ठेवायची, दुपारी ताट. गल्लीतल्या बायका येईनाशा झाल्या. मी वेणी घालताना आरशात बघायचं सोडून दिलं, अंदाजानं भांग पाडायला शिकले. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तर आई तिच्याशी बोलत होती. मला बघून गप्प झाली, परकं माणूस आल्यावर गप्प होतात तशी. मला ताप आला. साधा पडशाचा ताप असणार, पण मी कुणाला सांगितला नाही. अंगावर दुपटं घेऊन मी अभ्यासाचं पुस्तक धरून बसायची आणि नखं उन्हात धरून पिवळी झालीत का बघायची.

मग एका दुपारी दादा कचेरीतून अर्ध्या दिवसातच घरी आले. आई मागं भांडी घासत होती. मी मधल्या खोलीत पडले होते. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवून काही वेळ उभे राहिले. मग आत गेले. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि त्या पिवळ्या तोंडापुढं बसले. माझ्या वडिलांना देवाशी कधी मोठ्यानं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"शैला," ते म्हणाले. "राहा बाळा. चार दिस न्हाई, पायजे तेवढं राहा. गौर जाऊ दे, तू राहा. डॉक्टरला दाखवू. मी न्हेतो तुला, खांद्यावरनं न्हेतो." रडतानासुद्धा ते आवाज दाबत होते. मला त्यांचा राग होता, वर्षभर होता. तो त्या आवाजानं गेला नाही, पण मला उठून त्यांच्याजवळ जावंसं वाटलं आणि मी गेले.

भांड्यांचा आवाज थांबला होता. आई राखेचे हात तसेच धरून दारात उभी होती. मग ती म्हणाली, "आत्ता म्हणालासा." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "एवढंच ऐकायला थांबली हुती ती."

तिनं हात धुतले आणि कणीक भिजवायला घेतली. सारण भरून कानवले केले, पण कड मुरडली नाही. बोटांनी दाबून सरळ सपाट मिटवली. तळणीचा वास गल्लीत गेला तशा तानूमावशी आल्या. आईनं रोपांबरोबर मुखवटाही पाटावर ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "मुखवटा कोण सोडतंय व्हय? त्यो पेटीत ठेवायचा असतोय, वर्सानुवर्सं."

"सोडला न्हाई तर जाईल कशी?" आई म्हणाली.

ऊन कलायच्या आत आम्ही पंचगंगेच्या घाटावर गेलो. विसर्जनाची गर्दी केव्हाच ओसरली होती. धुणं धुणाऱ्या काही बायका होत्या, पाणी गढूळ आणि चढलेलं. दादांनी पाट धरला. आईनं कानवला पाण्यात सोडला, रोपं सोडली, आणि मग मुखवटा दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवून हात काढून घेतले. लगदाच तो, लगेच बुडेना. चेहरा वर करून तरंगत राहिला. कुंकू निघालं, ओठांचा रंग निघाला, डोळे पसरत गेले. आई शांत होती. "जा बाळा," असं म्हणालीही. मग पायरीवर आपटून परतणारी एक लाट आली आणि मुखवटा पालथा झाला.

आतली बाजू वर आली. तिला रंग नव्हता, कागदच होता, आणि त्या खोलगट कागदात मी होते. मिटलेले डोळे, बंद तोंड, भुवयांचे माझे केस अजून तिथं चिकटलेले. आईनं ते बघितलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही. तिनं मला दंडाला धरून पायऱ्यांवरून एवढ्या जोरात मागं ओढलं की आम्ही दोघी पडलो. धुणं धुणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. आई माझ्या तोंडावरून ओले हात फिरवत होती, कपाळ, भुवया, नाक, ओठ, परत परत. आणि माझ्याकडं बघत, पण पाण्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती ओरडत राहिली, "ही न्हाई! ही सुमी हाय. ही माझी सुमी हाय. ही कुठं जायाची न्हाई, ही घरात ऱ्हाणार हाय!"